तीन चेऱ्या आणि एक लाटणं

दिलीप सबनीस उभे राहिले ते पायाला मुंग्या आल्या म्हणून. पुढे वर्षभर लोकांनी त्याचे नाना अर्थ लावले, कुणी त्यांना वृक्षमित्र ठरवलं, कुणी आगाऊ म्हटलं. पण खरं कारण एवढंच, की परदेशातल्या बिशान उपनगरात, चेरी हाइट्स कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, वार्षिक सभेत प्लास्टिकच्या खुर्चीवर पावणेदोन तास बसून त्यांचा डावा पाय कामातून गेला होता. ठराव क्रमांक सात वाचला जात होता. स्विमिंग पूलमागची तीन चेरीची झाडं कित्येक वर्षांत फुललेली नाहीत, नुसत्या वाळक्या फांद्या टाकतात, सबब ती तोडून तिथे विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगची सोय करावी. "एनी ऑब्जेक्शन?" असं अध्यक्ष मिस्टर ओंग यांनी विचारलं, आणि नेमके त्याच क्षणी सबनीस पाय झटकायला उठले. सगळी सभा वळून त्यांच्याकडे बघू लागली.

दुसरा कुणी असता तर 'काही नाही, काही नाही' म्हणत खाली बसला असता. पण सबनीस तांजोंग पगारच्या एका बँकेत कम्प्लायन्स खात्याचे व्हाइस प्रेसिडेंट होते. दुसऱ्यांनी नियम पाळले की नाही हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि आपण भर सभेत विनाकारण उभे राहिलो हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "या झाडांची छाटणीच झालेली नाही. नीट छाटली तर ती फुलतील." हे वाक्य आपल्या तोंडात कुठून आलं ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. बावीस वर्षं तिथे राहून त्यांनी त्या झाडांकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

पहिल्या रांगेतल्या मिसेस टॅननी टाळ्या वाजवल्या. एकट्या म्हातारीने वाजवलेल्या टाळ्या ऐकवत नाहीत, म्हणून इतरांनीही वाजवल्या, आणि ठरावात दुरुस्ती झाली. झाडांना एक वर्षाची मुदत. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस मार्चपर्यंत फुलली तर राहतील, नाही तर तुटतील. छाटणीची जबाबदारी मिस्टर सबनीस यांची. हे सगळं इतिवृत्तात लिहिलं गेलं. सबनीसांच्या लेखी देवाच्या खालोखाल कुणी असेल तर ते इतिवृत्त होतं.

घरी आल्यावर नंदाने, म्हणजे सौ. सबनीसांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तुमच्या हातून बाल्कनीतली तुळस जगली नाही. तीनदा."

"तुळस इतिवृत्तात नव्हती," सबनीस म्हणाले.

"बाबा, व्हाय यू सो एक्स्ट्रा?" असं ऋग्वेदाने सोफ्यावरूनच विचारलं. ती एकोणीस वर्षांची होती आणि मोबाइलवरून मान वर न करता माणसाला आरपार बघायची.

दुसऱ्या दिवशी मिसेस टॅन केळीच्या पानातल्या तांदळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बालपण पुलाउ उबीन बेटावर गेलेलं, तिथल्या ड्युरियनच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाच्या, झाडांखाली वाढलेल्या. त्यांची इंग्रजी वाक्यं इथे मराठीत दिली आहेत, पण शेवटचा 'ला' मुळातलाच आहे, वाक्याला जोर द्यायला तिथे तो लावतात.

"इमारत नवी होती तेव्हा मी ही झाडं फुललेली पाहिलीत," त्या म्हणाल्या. "सगळी एकाच सकाळी. मी चप्पल न घालताच खाली गेले होते. मग कुणी लक्ष दिलं नाही. मला आणखी एकदा बघायचंय. तू सगळ्यांसमोर शब्द दिलायस, ला."

आतापर्यंत प्रश्न फक्त सबनीसांच्या अब्रूचा होता. आता तो या म्हातारीच्या डोळ्यांचाही झाला, आणि हे काही त्यांनी मागितलं नव्हतं.

सबनीसांनी अभ्यास सुरू केला. इंग्लंडातल्या कुणा माळ्याचं एक पान त्यांना इंटरनेटवर सापडलं, दुर्लक्षित शोभेच्या चेरीची छाटणी केव्हा आणि कशी करावी याबद्दल. ते त्यांनी छापून घेतलं, फाइलला लावलं आणि पिवळ्या पेनाने रंगवलं. 'कशी' ते कळलं. आधी मेलेलं काढा, मग कुजलेलं, मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्या. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून जास्त कापू नका. फांदी खोडाला मिळते तिथे जे फुगीर कडं असतं, त्याला धक्का लावू नका. गाडी अडली ती 'केव्हा'पाशी. माळी म्हणत होता, ऐन उन्हाळ्यात कोरडा दिवस बघून कापा, हिवाळ्यात चुकूनही कापू नका. सबनीसांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर एकतीस डिग्री होतं. डिसेंबरातही साधारण एकतीसच असे.

"इथे रोज दुपारपर्यंत वैशाख आणि चारनंतर आषाढ," नंदा म्हणाली. "त्यात तुमचा उन्हाळा कुठून काढणार?"

सबनीसांनी तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून काढला. तिथे दर दिवाळीत गावाहून, चौलहून, येणारं मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. त्यात स्वच्छ छापलं होतं, ग्रीष्म ऋतू, ज्येष्ठ आणि आषाढ. झाडं विषुववृत्ताजवळची, सल्ला इंग्लंडचा आणि ऋतू अलिबाग तालुक्यातला, असा त्रिवेणी संगम करून त्यांनी ज्येष्ठातला दुसरा शनिवार मुक्रर केला. आपण काही चुकतो आहोत असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही, कारण कॅलेंडरवर छापील तारीख होती.

तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पोचलीच. प्रताप नावाच्या सद्गृहस्थांनी मुळाशी आंबट ताक ओतायला सांगितलं. दुसऱ्या एका बाईंनी ताक नको, गूळपाणी, असं सुचवलं आणि तिथून ग्रुपवर जो वाद पेटला त्यात तिसऱ्या दिवशी दोघांनी ग्रुप सोडला. झाडाला सकाळी रागदारी ऐकवा, असंही एक मत होतं. सबनीसांनी सगळ्यांचे आभार मानले आणि ग्रुपला गप्प केलं.

खरी कसोटी होती ती मॅनेजमेंट ऑफिसात. तिथल्या मिस ऑड्री अतिशय हसतमुख होत्या आणि त्यांच्या प्रत्येक उत्तराची सुरुवात 'कॅन' या शब्दाने आणि दुसरा शब्द 'बट' असा असे. कापता येईल, पण फॉर्म भरावा लागेल. भरता येईल, पण विमा लागेल. शिडी वापरता येईल, पण तीन मीटरच्या वर चढायचं तर उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं कार्ड लागेल. बँकेत हीच भाषा सबनीस स्वतः रोज बोलत. ती समोरून ऐकताना कशी लागते हे त्यांना प्रथमच कळलं, आणि गेल्या तीस वर्षांत आपल्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या अनेकांची त्यांना मनातून कीव आली.

अशा रीतीने बँकेचे व्हाइस प्रेसिडेंट पिवळं हेल्मेट घालून बत्तीस बांधकाम कामगारांबरोबर प्रशिक्षणाला बसले. लेखी परीक्षेत त्यांना शंभरपैकी शंभर पडले. प्रात्यक्षिकात कमरेला पट्टे बांधून त्यांना चार मीटर उंच लोखंडी मनोऱ्यावर चढवलं, आणि वर पोचल्यावर त्यांनी मनोऱ्याला जी मिठी मारली ती काही केल्या सुटेना. शेवटी मागच्या रांगेतला शफीक नावाचा बांगलादेशी कामगार वर आला. "सर, नीचे मत देखो. मेरा हाथ देखो," तो म्हणाला, आणि त्यांची एकेक बोटं हळुवार सोडवत त्याने त्यांना खाली आणलं. तो रोज तिसाव्या मजल्यावर काचा बसवत असे. तांजोंग पगारला ज्या काचेआड सबनीस थंड हवेत बसत, तसल्याच. पुढे कित्येक दिवस ऑफिसात ते अधूनमधून खुर्चीवरून उठून काचेला हात लावून बघत. कार्ड मिळालं ते त्यांनी पाकिटात सगळ्यांत पुढे ठेवलं.

ज्येष्ठातला दुसरा शनिवार उजाडला आणि सबनीस करवत घेऊन शिडी चढले. पहिल्या तासात चार वाळक्या फांद्या नियमाप्रमाणे, कडं सोडून, उतरल्या. पाचवी कापताना पायाला मुंग्या आल्या. या वेळी त्या खरोखरच्या होत्या, तांबड्या, आणि बर्म्युडाच्या आत पोचेपर्यंत त्यांनी आवाज केला नव्हता. सबनीसांनी हात सोडले. कमरेच्या दोरीने त्यांना अधांतरी झेललं, पण पाचव्या फांदीला दोरी नव्हती. ती पूलमध्ये तरंगणाऱ्या एका फुगवलेल्या बदकावर पडली आणि बदक असं फुटलं की तिन्ही ब्लॉकच्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. पानांनी पूलची गाळणी तुंबली आणि पूल दोन दिवस बंद राहिला. सबनीस झाडाला लटकत होते ते खाली येईपर्यंत त्यांचे चार व्हिडिओ निघालेले होते.

यानंतर कमिटीने कळवलं, की यापुढे फक्त जाणकार माणूसच झाडावर चढेल. जाणकार माणूस म्हणजे मुरुगेसन. साठीचा, काटक, झाडं तपासण्यात आणि छाटण्यात चाळीस वर्षं काढलेला. तो सकाळी सात वाजता आला आणि अर्धा तास काहीच केलं नाही. नुसता झाडांभोवती फिरला. मग लाकडी हातोडीने खोड ठिकठिकाणी वाजवून कान लावून ऐकलं. सबनीसांनी आयुष्यात अनेक तपासण्या केल्या होत्या, पण तपासताना इतकं शांत राहता येतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"या चार कुणी कापल्या?" मुरुगेसनने विचारलं.

"मी," सबनीस म्हणाले आणि शिक्षेला तयार झाले.

"हात थरथरत होता. पण कापलंय बरोबर. कडं सोडलंय. झाड स्वतःच जखम बंद करील."

तीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला शेरा त्यांना कुणी दिला नव्हता. ते त्यातून सावरतात तोच मुरुगेसन म्हणाला, "पण यांना चेरी का म्हणता?"

"म्हणजे?"

"चेरीला थंडी लागते, सर. इथे उघड्यावर चेरी जगत नाही. हे ट्रम्पेट ट्री. फुलली की गुलाबी दिसते म्हणून लोक कौतुकाने साकुरा, म्हणजे जपानी चेरी, म्हणतात, आणि बिल्डरने इमारतीला चेरी नाव देऊन टाकलं."

सबनीसांनी हातातल्या फाइलकडे पाहिलं. इंग्लंडचा माळी, पिवळ्या रेघा, ज्येष्ठ, ग्रीष्म. चार महिने आपण चुकीच्या ग्राहकाची केवायसी करत होतो, हे लक्षात येऊन त्यांना पूलच्या काठावर खाली बसावं लागलं.

मग मुरुगेसन वर गेला. दोरीवरून तो असा चढला की पानही हललं नाही. वर पोचल्यावर त्याने आधी बराच वेळ कशालाच हात लावला नाही, नुसता फांदीला टेकून बसून राहिला. मग इथे एक, तिथे एक, अशा मोजक्या फांद्या काढल्या, आणि प्रत्येक फांदी दोरीला बांधून खाली सोडली. अकराच्या सुमारास सबनीसांच्या बुटाशेजारी उन्हाचा एक तुकडा पडला. त्या जागी गेल्या दहा वर्षांत ऊन आलं नसेल. थोड्या वेळाने दुसरा पडला. झाडाखालची ती कुबट, काळी जमीन हळूहळू उजळत गेली आणि सबनीस हातातली फाइल विसरून बघत राहिले. काढून टाकणं म्हणजेही काही देणंच असतं, असं त्यांना त्या वेळी वाटलं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

"मी फक्त उजेड आत सोडला," खाली आल्यावर मुरुगेसन म्हणाला. "फुलायला हिला तहान लागावी लागते. दोन-तीन आठवडे पाऊस नको. पानं झडतील, मेली असं वाटेल, आणि मग एक चांगला पाऊस आला की फुलेल. ऑगस्टात नाही फुलणार, दमलीय. बहुतेक मार्चमध्ये."

"बहुतेक म्हणजे अठ्ठावीस तारखेच्या आत ना?"

मुरुगेसनने आभाळाकडे पाहिलं आणि दोरी गुंडाळायला लागला.

दुष्काळ पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला हा पहिलाच मराठी माणूस असावा. जानेवारीभर पाऊस कोसळत होता. फेब्रुवारीत सबनीसांनी पावसाची वही घातली. सहा दिवस कोरडे गेले की सातव्या दिवशी शिंतोडे, की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. ऑफिसात मीटिंग चालू असताना खिडकीत ढग दिसला की त्यांचा चेहरा पडे आणि समोरच्या माणसाला वाटे, आपल्याच फाइलमध्ये काही गफलत आहे. अखेर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ लख्ख झालं आणि तसंच राहिलं. झाडांची पानं गळू लागली. मार्च उजाडला तेव्हा तिन्ही झाडं उघडीबोडकी उभी होती, आणि लिफ्टमध्ये लोक सबनीसांशी मयताला आल्यासारखे बोलत होते. ठेकेदाराचा माणूस येऊन खोडांवर लाल फुल्या मारून गेला. मिसेस टॅन रोज सकाळी त्यांच्याखालच्या बाकावर बसायच्या, पण त्या वर बघेनाशा झाल्या.

अशा वेळी चौलहून अरुणाअक्काचा फोन आला. ही सबनीसांची थोरली बहीण, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, वाडीत राहणारी.

"दिल्या, तीन तारखेला ग्रहण आहे. पौर्णिमेचं. तुमच्याकडे दिसतंय का?"

"संध्याकाळी चंद्र उगवेल तोच ग्रहणातला असेल. का?"

"मग मुसळ घे आणि घाल झाडाच्या बुंध्यात. मागच्या परसातला फणस आठवतो ना? आबांनी ग्रहणात मुसळ मारलं आणि पुढच्या वर्षी बुंध्यापासून लगडला. एकाने मारायचं आणि विचारायचं, देणार की नाही? दुसऱ्याने झाडाच्या वतीने उत्तर द्यायचं. लागू नये असं मारायचं, पण झाडाला ऐकू गेलं पाहिजे."

"अक्का, मी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे."

"म्हणून काय झालं? आबा मामलेदार कचेरीत होते."

तरी सबनीसांनी ठाम नकार दिला. विज्ञानयुग, सुशिक्षितपणा, सीसीटीव्ही, असे मुद्दे त्यांनी फोनवर एकामागून एक मांडले. तीन मार्चला ते ऑफिसातून तासभर लवकर निघाले, घरी आले, बर्म्युडा चढवली आणि नंदाला विचारलं, "आपल्याकडे मुसळ नाही ना?"

"आपल्याकडे मिक्सर आहे," नंदा म्हणाली. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, ओट्यावरचं लाटणं धुऊन पुसून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. "उत्तर कोण देणार? चला."

साडेसात वाजून गेले होते. समोरच्या ब्लॉकच्या खांद्यावरून चंद्र वर येत होता आणि तो तांब्याच्या जुन्या भांड्याच्या रंगाचा होता. पूलवरची पोरं पोहायची थांबली होती. सबनीस लाटणं लपवायचं विसरले. इतका मोठा, इतका लाल चंद्र त्यांनी चौलच्या अंगणात आबांच्या कडेवरून पाहिला होता, त्यानंतर आज. त्यांनी पहिल्या झाडाच्या बुंध्यावर लाटणं हलकेच आपटलं आणि आबांसारखाच आवाज काढायचा प्रयत्न केला.

"काय गं, फुलणार की नाही?"

"फुलते, फुलते. मारू नका," झाडामागून नंदा म्हणाली.

"काय करताय तुम्ही?" बाकावरून मिसेस टॅननी विचारलं. त्या तिथेच बसल्या होत्या. सबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारी हसली नाही. "उबीनवर माझी आजी ड्युरियनला कोयत्याच्या पाठीने मारायची," ती म्हणाली. "पण तुम्ही फार हळू मारता. तिला ऐकू गेलं नसेल, ला." दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या वतीने मग मिसेस टॅननी उत्तर दिलं. मराठी शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि 'फुलते, फुलते' इतकं मनापासून म्हटलं, की नंदाने डोळ्यांना पदर लावायला हात उचलला आणि मग आपण टी-शर्टमध्ये आहोत हे तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही लिफ्टमध्ये सूचना लागली. एका रहिवाशाने सामाईक मालमत्तेला स्वयंपाकघरातील वस्तूने मारहाण केल्याचं आढळलं आहे, हे पुन्हा घडू नये. सोबत कॅमेऱ्यातला फोटो. चेहरा धूसर केला होता, पण बर्म्युडा आणि पोट यांवरून सगळ्या कॉन्डोने ओळख पटवली. "बाबा, यू फेमस ऑलरेडी," असं ऋग्वेदा म्हणाली आणि आठवडाभर जिन्याने गेली.

अठ्ठावीस मार्च आला. झाडांवर फूल सोडा, कळीही नव्हती. सभेला येताना सबनीसांनी सवयीने हजेरीपट मोजला. नियमाप्रमाणे सभेला एकतीस जण लागतात, आणि बरोब्बर एकतीस होते. ठराव क्रमांक सात आला. सबनीस उभे राहिले आणि त्यांनी अहवाल दिला. झाडं चेरी नाहीत. ती फुललेली नाहीत. मुदत आज संपते. लाटण्याचा माणूस मीच आहे. "पण पाऊस अजून आलेला नाही," ते म्हणाले, "आणि पाऊस आपल्या अखत्यारीत येत नाही." मिस्टर ओंग सौम्यपणे म्हणाले, "मिस्टर सबनीस, मुदत म्हणजे मुदत. तुमच्याइतकं हे कुणाला कळणार?"

खरं होतं. हेच वाक्य सबनीसांनी हजार जणांना ऐकवलं होतं. ते खाली बसले. पहिल्या रांगेत मिसेस टॅन स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. त्या मागे वळल्या नाहीत. शब्दाची आठवणही त्यांनी करून दिली नाही, आणि तेच सबनीसांना सोसवेना. मिस्टर ओंग यांनी मतदानासाठी हात वर करायला सांगितलं.

सबनीस पुन्हा उठले.

"माफ करा," ते म्हणाले, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात. जरा बाहेर चालून येतो."

आणि ते डावा पाय ओढत दाराबाहेर गेले. सभेत तीस माणसं उरली. हे ध्यानात यायला मिस ऑड्रींना अर्धं मिनिट लागलं, नियमावली उघडायला दोन मिनिटं, आणि मग त्यांनी खेदाने जाहीर केलं की सभा चालू ठेवता येईल, बट कोरम नाही, सबब एक आठवडा तहकूब. काचेतून सगळ्यांना पूलच्या काठाने फेऱ्या घालणारे सबनीस दिसत होते. परत येताना ते उजवा पाय ओढत होते. तीस वर्षांच्या चोख कारकिर्दीतली ही पहिली लबाडी, आणि तीही त्यांना धड जमली नाही.

रविवारी संध्याकाळी पाऊस आला. असा आला की समोरचा ब्लॉक दिसेना. सबनीस बाल्कनीत भिजत उभे राहिले आणि नंदाने त्यांना आत बोलावलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, काही नाही. बुधवारी फांद्यांच्या टोकांना काहीतरी गाठीसारखं दिसलं, पण त्यांचा स्वतःच्या चष्म्यावर विश्वास बसेना. गुरुवारी त्यांनी खाली जायचंच टाळलं.

शुक्रवारी, गुड फ्रायडेच्या सुट्टीच्या सकाळी, ते कचरा टाकायला म्हणून उतरले आणि पूलच्या वळणावर थांबले.

तिन्ही झाडं फुलली होती. पान एकही नाही, नुसती फुलं, बुंध्याच्या वरपासून शेंड्यापर्यंत गुलाबी आणि पांढरी, इतकी की फांद्या दिसत नव्हत्या. पूलचं पाणी गुलाबी झालं होतं. लाल फुल्यांवर पाकळ्या चिकटल्या होत्या. वारा नव्हता, तरी एकेक फूल सावकाश खाली येत होतं, आणि जमिनीवर पडताना त्याचा हलका आवाज ऐकू येत होता. फूल पडल्याचा आवाज होतो हे सबनीसांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मिस्टर ओंग नाइट ड्रेसवर खाली आले होते आणि त्यांनी फोटो काढायला आणलेला फोन हातात तसाच होता. शेजारी मिस ऑड्री होत्या, आणि त्यांच्या तोंडून 'कॅन'ही निघत नव्हतं, 'बट'ही. मिसेस टॅन झाडाखाली अनवाणी उभ्या होत्या. ऋग्वेदा त्यांच्या शेजारी होती आणि तिचा मोबाइल वर घरीच राहिला होता.

सबनीस कचऱ्याची पिशवी हातात घेऊन उभे होते. उद्याच्या सभेसाठी पुरावा म्हणून फोटो घ्यावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. आपण हे केलं असं त्यांना वाटलं नाही. मुरुगेसनने केलं, पावसाने केलं, आबांनी केलं, कोण जाणे. आपण फक्त एकदा भलत्या वेळी उभे राहिलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एक हात रिकामा आहे हे त्यांना सुचत नव्हतं.

नवरा फोन उचलत नाही म्हणून नंदा पोळ्या अर्ध्यावर टाकून खाली आली. हाताला पीठ, हातात लाटणं. तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग नवऱ्याजवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर लाटणं हलकेच टेकवलं.

"काय हो, बोलणार की नाही?"

सबनीसांनी तोंड उघडलं, पण शब्द येईना.

झाडाखालून मिसेस टॅननी शिकलेल्या मराठीत त्यांच्या वतीने उत्तर दिलं, "बोलते, बोलते. मारू नका, ला."